साळवे सिस्टरांची लाल-निळी पेन्सिल

साळवे सिस्टरांनी मला एकदाच तोंडावर सरळ प्रश्न विचारला, आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. प्रश्न साधा होता. तुमच्या वडिलांचा घोळणा फुटायचा का? मी म्हणालो, नाही. विसरलो होतो असं नाही, गोंधळलो होतो असंही नाही. खोटं बोलतोय हे मला बोलतानाच ठाऊक होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईपाशीही पुन्हा विषय काढला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या शालनला, माझ्या धाकट्या बहिणीला, तर नाहीच.

आता पन्नाशी उलटली. लिहायला बसलोय ते सिस्टरांबद्दल, माझ्याबद्दल नाही. पण माझ्या त्या एका शब्दाला वळसा घालून त्यांच्याबद्दल लिहायला गेलो की हात थांबतो. म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं मी तिसगावच्या पुढं, पाथर्डीकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत बसायचो. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, तसा गावासाठी मीही भाऊसाहेब. पलीकडच्या खोलीत कमल साळवे, नर्स. वय चाळीसच्या आसपास, बांधा बुटका, चाल मात्र अशी की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. अंबाड्यात कायम एक लाल-निळी पेन्सिल खोचलेली. एका टोकाला लाल, एका टोकाला निळी, ती कचेरीत मिळते तसली. मुलांच्या लशीच्या रजिस्टरात आलेला निळा, चुकलेला लाल. आठवड्याच्या शेवटी लाल खुणा वाचून काढायच्या आणि सोमवारी त्या पोरांच्या दारात उभं राहायचं, हा त्यांचा नेम. लोक म्हणत, सिस्टरच्या लालमधी नाव गेलं की सुटका न्हाई.

आणखी एक सवय होती. कुणी काही ठासून सांगितलं, म्हणजे उष्णतेनं झालं असेल, नजर लागली असेल, जागरणानं झालं असेल, की त्या मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "आसंल. पन बघितल्याबिगर म्हनू नका." डॉक्टरांनाही हेच, फक्त "म्हनू नये" असं आदरानं.

भानुदास माझा आतेभाऊ. शेजारच्या वाडीवर राहायचा. चैत्र-वैशाखात त्याचा घोळणा फुटला की टमरेल भरून रक्त जायचं. घरचे त्याला उताणा निजवून डोक्यावर पाणी ओतायचे, नाकाशी कांदा फोडून धरायचे. नाहीच थांबलं तर बैलगाडीत घालून दवाखान्यात. आमचे डॉक्टर वयानं तरुण, भले होते, नाकात कापडाची पट्टी ठासून भरायचे. दोन दिवसांनी ती काढताना खपली निघायची आणि पुन्हा धार लागायची. असं चार-पाच उन्हाळे चाललं होतं.

त्या उन्हाळ्यात भानुदासला ताप होता म्हणून सिस्टरांनी त्याच्या तोंडात थर्मामीटर दिलं. जीभ वर कर म्हणाल्या आणि तशाच वाकून बघत राहिल्या. जिभेवर, ओठांच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे ठिपके होते. थर्मामीटरचा वेळ कधीच होऊन गेला होता. भानुदास तोंड उघडं ठेवून डोळे फिरवत होता.

मग त्यांनी हिवतापाच्या रक्ताची काच घेतली, ती कोरी पट्टी, आणि त्याच्या ओठावर हलकेच दाबली. ठिपका गेला. काच उचलली, ठिपका आला. पुन्हा दाबली, गेला. मला खिडकीतून हाक मारून बोलावलं. मी गेलो, बघितलं. त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "दाबलं की रगात सरतं, सोडलं की भरतं. ही पुळी न्हाई भाऊसाहेब, ही उघडी नळी हाय."

मी खिडकीत परत जाऊन बसलो. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटाच्या पेरावर तसेच तीन ठिपके होते. दहावीच्या वर्षापासून होते. सकाळी तोंड धुताना महिन्यातून चार-सहा वेळा नाकातून रक्त यायचं. आमच्या वडिलांना तर रोजच. ते दिवसभर पान खायचे. ओठ सदाचे लाल, त्यात ठिपके कुणाला दिसणार?

सिस्टरांनी नगरला एका वयस्कर डॉक्टरांचं नाव काढलं. त्यांच्या दवाखान्यात गर्दी फार, भानुदासचा नंबर लागेना. सिस्टर लागोपाठ तीन शुक्रवार रजा टाकून, डबा बांधून, भानुदासला पुढं घालून जाऊन बसल्या. तिसऱ्या शुक्रवारी डॉक्टरांनीच विचारलं, बाई, तुम्ही पेशंटच्या कोण? या म्हणाल्या, सध्या तरी मीच हाय. डॉक्टरांनी काच दाबून बघितली, कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं, आणि एका चिठ्ठीच्या मागं आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव लिहून दिलं. पुढचा आठवडाभर सिस्टर भांडी उकळताना ते नाव पाठ करत होत्या. एकदा जमलं तेव्हा मला ऐकवलं, आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्यांच्या तोंडी तो 'ठिपक्यांचा आजार'च राहिला.

डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोष्टी मात्र त्यांनी शब्दाला शब्द धरून ठेवल्या. हा आजार रक्ताचा नाही, रक्तवाहिन्यांचा आहे, त्या जन्मतःच कुठं कुठं पातळ आणि फुगीर राहतात. दुसरी गोष्ट, तसल्या वाहिन्या फुप्फुसात आणि मेंदूतही असू शकतात. तिथं त्या वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि एक दिवस घात करतात, म्हणून घरात कुणाला दम लागतो, कुणाला अंगावरून वारं गेलं, हे विचारायचं. आणि तिसरी: ज्याला आजार आहे त्याच्या प्रत्येक लेकराच्या बाबतीत नाणं उडवल्यासारखं असतं, छापा की काटा. पण ज्याला तो नाहीच, त्याच्या पुढच्या वंशालाही नाही.

"म्हंजे माणूस शोधला की झालं," सिस्टर म्हणाल्या. त्या कामाला लागल्या.

वंशावळ काढायची कशी? भाटाच्या चोपडीत फक्त पुरुष. लेकी उजवून गेल्या की नावानिशी गेल्या, आणि हा आजार तर लेकींच्या पोटीही जाणार. सिस्टरांनी वाट काढली ती लग्नपत्रिकांची. आमच्याकडच्या पत्रिकेत मावेल तेवढं गाव असतं. वरचा मामा, वधूचा मामा, आत्या, मावश्या, जावई, आणि खाली बारक्या अक्षरात 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून किलबिल करणारी सगळी पोरंटोरं. सिस्टर घरोघर जाऊन जुन्या पत्रिका मागायच्या. कुणी आढ्याला खोचलेल्या दिल्या, कुणी ट्रंकेच्या तळाला अंथरलेल्या. बोलबाला असा झाला की नर्सबाईंनी सोयरिकी जुळवायचं काम धरलंय. एक म्हातारा दवाखान्यात येऊन म्हणाला, सिस्टर, आमच्या धाकट्याचं बी बघा की एखादं. त्या म्हणाल्या, "बघते. आदी त्याला जीभ दाखवून जायला सांगा."

तक्ता काढायला एवढा मोठा कागद नव्हता. कपाटात कुटुंबनियोजनाची शिल्लक पोस्टरं होती. त्यांनी सहा पोस्टरं पाठीमागून खळीनं एकमेकांना चिकटवली. एका बाजूला हसरी आई, हसरा बाप आणि दोन मुलं, आणि मागच्या बाजूला आमच्या आज्याचा ऐंशी-नव्वद माणसांचा खटला. पुरुष चौकोन, बाई गोल. आजार आहे तो लाल, नाही तो निळा, बघायचा राहिला तो कोरा. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, सिस्टर, सरकारनं हे बघितलं तर दोघांची नोकरी जाईल. त्यांनी मात्र त्या दिवसापासून भानुदासच्या नाकात पट्टी ठासायचं बंद केलं.

पुढं एका रविवारी भानुदासच्या अंगणात सिस्टरांनी नाकाची शाळा भरवली. चौदा माणसं रांगेनं बसवली. घोळणा फुटला तर मान मागं टाकायची नाही, पुढं वाकायचं. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून तोंडानं श्वास घ्यायचा, घड्याळाचा काटा पंधरा मिनिटं सरकेपर्यंत सोडून बघायचं नाही. रोज मिठाच्या कोमट पाण्याचे थेंब, सकाळ-संध्याकाळ खोबरेल तेलाचं बोट. नखं त्यांनी स्वतः सगळ्यांची कापली, भानुदासच्या आईची, म्हणजे माझ्या आत्याचीसुद्धा. आत्या लाजून म्हणाली, बया, लग्नात बी कुनी माजी नखं कापली न्हवती. गरोदर बायांना देतात त्या लोहाच्या गोळ्या भानुदासला सुरू झाल्या. त्या गोळ्या माझ्या खिडकीतून जायच्या. महिन्या-महिन्याला सिस्टर त्याचं रक्त नळीत घेऊन रंग जुळवून बघायच्या. हिमोग्लोबिन पाचावर होतं ते दिवाळीपर्यंत नऊवर आलं. त्या दिवशी त्यांनी मला शेंगदाणे आणि गूळ दिला. त्यांचा आनंद एवढाच असायचा.

आत्या लाल, भानुदास लाल, त्याची थोरली बहीण लाल. आत्याचा थोरला भाऊ म्हणजे माझे वडील. ते हयात नव्हते, त्यांचा चौकोन कोरा होता. सिस्टर घरी आल्या त्या त्यासाठी.

त्या येणार म्हणून आईनं कोनाड्यातली कान तुटायला आलेली कपबशी काढून ठेवली होती. ती कुणासाठी असायची हे आमच्या घरात न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरांच्या वडिलांनी छप्पन सालीच दीक्षा घेतलेली, लेक शिकून नोकरीला लागलेली, पण आमच्या कोनाड्यापर्यंत ती बातमी आली नव्हती. सिस्टरांनी चहा घेतला, उठून बाहेर जाऊन कपबशी विसळली आणि जिथून निघाली होती तिथंच, त्या कोनाड्यात, नेऊन ठेवली. मी खाली बघत होतो.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. शालन आत चुलीपाशी होती. पंधराच दिवसांपूर्वी मिरजगावच्या घराशी तिची सुपारी फुटली होती. आई आदल्या रात्री मला म्हणाली होती, "पोरीचं उजवू दे. मग काय सांगायचं ती सांग." भाचीच्या लग्नापायी वडिलांबद्दल बोलायचं नाही, हे तिनं आत्याकडूनही कबूल करून घेतलं होतं.

"तुमच्या वडलांचा घोळना फुटायचा का?"

"नाही," मी म्हणालो. वडील कशानं गेले, विचारलं. मी सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. खरं असं होतं की दाढ काढल्यावर आठ-दहा दिवसांनी त्यांना ताप चढला, डोकं धरून ओरडायला लागले, आणि मग डाव्या अंगावरून वारं गेलं. महिनाभरात गेले.

सिस्टरांनी पेन्सिल उलटी करून वडिलांचा चौकोन निळा केला. त्या एका निळ्या चौकोनानं खालचा सगळा फाटा मिटला. मी मिटलो, शालन मिटली. आम्हाला तपासायचं कारणच उरलं नाही.

जानेवारीत संक्रांत आली. सिस्टर दवाखान्यात सगळ्यांना तिळगूळ वाटत फिरायच्या, आणि मला ठाऊक होतं की त्या वर्षी त्या तिळगूळ देता देता तळहात बघत होत्या. पत्रिकेत नसलेले दोन जण त्यांनी असेच शोधले होते. माझ्या खिडकीशी आल्या. मी हात पुढं केला नाही. गोळ्या मोजायचा पत्र्याचा ट्रे पुढं सरकवला आणि म्हणालो, यात ठेवा, हात औषधाचे आहेत. त्यांनी वडी ट्रेमध्ये ठेवली. "गोड बोला, भाऊसाहेब," म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

वैशाखात शालनचं लग्न झालं. आता सांगायला हरकत नव्हती, असं कुणालाही वाटेल. पण लग्न झाल्यावर सांगणं म्हणजे मिरजगावकरांना फसवलं असं कबूल करणं. लग्नाआधी सांगितलं तर लग्न मोडतं, नंतर सांगितलं तर लेक परत येते. खोटं एकदा बोललं की त्याला सोयीची वेळ पुन्हा येत नाही.

पुढच्या वर्षी सिस्टरांची बदली राहात्याच्या बाजूला झाली. जिल्ह्याचं दुसरं टोक. तरी महिन्यातला एक शनिवार त्या दोन एस्ट्या बदलून यायच्या. भानुदासचं रक्त तपासायचं, तक्ता उलगडायचा, नवीन जन्मलेल्यांचे कोरे चौकोन-गोल काढायचे आणि परत जायचं. बदली झाली म्हणून काम का बदलावं, हे त्यांना कुणी समजावू शकलं नाही.

शालनला लग्नानंतर दोन वर्षांनी दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यापासून दम लागायला लागला. खोकताना एकदा रक्त पडलं. तिकडच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजवीकडं खाली डाग दिसला, आणि क्षयाची औषधं लिहून दिली. सासऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. औषधं आमच्या दवाखान्यातून मिळायची. थुंकी तीनदा तपासली, तीनदा काही निघालं नाही. वडिलांच्या नाकाचं रक्त, माझ्या बोटांवरचे ठिपके, नगरच्या डॉक्टरांचे फुप्फुसाबद्दलचे शब्द, हे सगळं माझ्या डोक्यात एकाच जागी होतं. मी ते एकमेकांना लागू दिलं नाही. तीन महिने मी माझ्या बहिणीला माझ्या हातानं मोजून क्षयाच्या गोळ्या दिल्या.

सिस्टरांचा शनिवार असला की मी शालनला सोमवारी ये म्हणून सांगायचो. एका शनिवारी तिनं ऐकलं नाही, गोळ्या संपल्या म्हणून आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर आडवी झाली. सातवा महिना लागला होता. सिस्टर भानुदासला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिला ओळखलं, चौकशी करायला गेल्या, उठ बाई म्हणाल्या. शालन उठून बसली आणि धापा टाकायला लागली. निजली, तशी शांत झाली. सिस्टरांनी तिला पुन्हा बसवलं. पुन्हा धाप. पुन्हा निजवलं.

"दम लागनारा मानूस उठून बसतो," त्या हळू म्हणाल्या. "हिचं उलटं हाय."

त्यांनी तिची नखं बघितली, निळसर झाली होती. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मिश्रीनं काळे झालेले ओठ कापसाच्या ओल्या बोळ्यानं पुसून काढले आणि खिशातली काच दाबली. व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती. सिस्टरांनी मान वर करून माझ्या खिडकीकडं बघितलं.

"भाऊसाहेब, त्या गोळ्या परत घ्या," म्हणाल्या.

मी गोळ्या परत घेतल्या. आणि तेव्हाही खरं बोललो नाही. आमच्या घरात असं काही आहे हे मला कधी जाणवलंच नाही, असं म्हणालो. आवाजही बरा काढला असावा, कारण डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला घेऊन मिरजगावला गेल्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं तर नवऱ्याची सही पाहिजे होती. शालनचा नवरा गरीब माणूस, बापापुढं तोंड उघडायचा नाही. सिस्टरांनी अंगणात छातीचा फोटो उन्हात धरून सासऱ्यांना दाखवला. हा डाग गोल आहे, त्याला ही दोरी जोडलेली आहे, ही रक्ताची नळी आहे, क्षयाची गाठ नाही. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बोट केलं. "म्हंजे खानदानी रोग हाय. आमाला फशिवलं ह्यांनी."

सिस्टरांनी फोटो पाकिटात घातला. "फशिवलं आसंल तर मी फशिवलंय, पाव्हनं. सगळ्या खटल्याचा तक्ता मी काढला. ह्येंचा फाटा मी निळा केला, मी पुरतं तपासलं न्हाई. भांडन करायचं ती माझ्यासंगं करा, मी आठवडाभर हितं बसते. पन आदी सही करा."

आणि त्या खरंच उंबऱ्याबाहेरच्या ओट्यावर बसल्या. पदरातून शेंगदाणे काढून खायला लागल्या. तासाभरानं नवरा बाहेर आला, कागद मागितला, आणि बापाकडं न बघता सही केली.

मुंबईला निघण्याआधीच, नगरमध्ये, शालनला उलटी झाल्यासारखं रक्त पडलं. ती वाचली. पोटातली मुलगी गेली. पुढं मुंबईत डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी छातीपर्यंत नेली आणि त्या फुगलेल्या वाहिनीत तारेची वेटोळी सोडून ती बंद केली. तेव्हा हे फार थोड्या ठिकाणी व्हायचं. सिस्टर शिल्लक रजा सगळी टाकून तिच्या उशाशी राहिल्या. शालन बसल्या बसल्या धाप न लागता पहिलं पूर्ण वाक्य बोलली ते असं: सिस्टर, मला भूक लागलीया. सिस्टरांनी शेंगदाण्यांची पुडी काढली, तिथल्या नर्सबाईंची बोलणी खाल्ली.

परत आल्यावर आईनं त्यांना जेवायला बोलावलं. आत, स्वयंपाकघरात, आमच्या पाटाशेजारी पाट मांडला, चहा नव्या कपातून दिला. सिस्टरांनी कप फिरवून बघितला. "माजी कपबशी कुटंय मावशी? तिच्या कानाशी ओळख झाली हुती." हसून म्हणाल्या, पण आईला हसता आलं नाही. ती चुलीकडं तोंड करून बराच वेळ लाकडं सारत बसली.

शालनला पुढं मुलगा झाला. दात काढायच्या आधी औषध घ्यायचं, नाहीतर जंतू फुप्फुसातल्या तसल्या वाहिनीतून मेंदूत जातात, वडिलांचे गेले तसे; सलाईन लावलं तर नळीत हवेचा बुडबुडा जाऊ द्यायचा नाही, हे तिला सिस्टरांनी पाढ्यासारखं पाठ करून दिलंय. ती अजून म्हणून दाखवते.

सिस्टरांना मी शेवटचं बघितलं ते त्या दशकाच्या अखेरीला, नगरच्या एस्टी स्टँडवर. त्यांची पुन्हा बदली झाली होती, आता जिल्ह्याबाहेर. बोलावलं म्हणून गेलो. केस बरेच पिकले होते, पेन्सिल तिथंच होती. त्यांनी पिशवीतून तक्ता काढून माझ्या हातात दिला. मला आता दर महिन्याला जमनार न्हाई, म्हणाल्या, ह्यो तुमी चालवा. मी बाकावर तो उलगडला. घड्यांवर चिकटपट्ट्या, हसऱ्या कुटुंबाचे रंग मागून उतरलेले.

वडिलांच्या चौकोनातला निळा खोडून लाल केला होता. शालनचा गोल लाल. माझा चौकोन कोरा. त्याच्या कडेला बारीक अक्षरात एवढंच: 'संक्रांत. ट्रे.'

म्हणजे त्यांना तेव्हापासून कळलं होतं. शालनच्या लग्नाच्या आधीपासून. मिरजगावच्या ओट्यावर बसल्या तेव्हाही. मी वर बघितलं. त्या गाडीची पाटी वाचत होत्या.

"सिस्टर, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी बी चुकलेच की," त्या म्हणाल्या. "म्हनलं, आपून व्हऊन सांगतील. तुमच्या घरात जास्त खोदून इचारायला मला भीड पडली. कपबशी ठिवून आल्ते ना मी कोनाड्यात. त्यो राग हुता का काय हुतं, मलाच म्हाईत न्हाई. पोरगी मरायला लागली हुती त्यात."

गाडी लागली. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "तुमचा रंग तुमी भरा. आन् छातीचा फोटो काढा. पोराचा बी." मग त्या गर्दीतून कोपरं मारत चढल्या, खिडकीची जागा धरली, आणि गाडी सुटेपर्यंत शेजारच्या बाईच्या कडेवरच्या पोराच्या दंडावर लशीचा व्रण आहे का ते बघत राहिल्या. माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही.

मी छातीचा फोटो काढला. मुलाला पुण्याला नेऊन तपासलं, त्याला आहे, फुप्फुसातली एक वाहिनी वेळेत बंद केली. त्या दिवशी घरी येऊन मी माझा चौकोन लाल केला. तक्ता मी चालवतोय, आता तो एकशे चाळीस माणसांचा आहे. सिस्टर गेल्याचं मला दोन वर्षं उशिरा कळलं.

दर भाऊबीजेला शालन ओवाळते आणि माझ्या मुलांना तीच गोष्ट सांगते, की दादानं सिस्टरांना तिच्यापर्यंत आणलं म्हणून ती आज आहे. मी ताटात ओवाळणी घालतो.

तिला मी अजून एक गोष्ट सांगायचं देणं लागतो. त्या क्षयाच्या गोळ्या मोजताना मला माहीत होतं.